माळ वाढत होती, बिलिरुबिनही

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी मला चहाचा वास सहन झाला नाही. बाकी काही म्हणजे काही होत नव्हतं. मी दिवसाला सहा-सात चहा पिणारा. ऑफिसखालच्या टपरीवर मला कुणी काय हवं ते विचारत नाही, थेट ग्लास पुढे करतात. त्या दिवशी बायकोने आल्याचा चहा टाकला आणि उकळीचा वास बाहेर आला, तसं माझ्या पोटात ढवळलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. "डोहाळे मला लागलेत की तुला?" ती म्हणाली. तिला नुकताच सातवा संपून आठवा लागला होता. दोघंही हसलो.

रात्री अंग मोडून आलं. ताप शंभरच्या थोडा वर. पुण्यात पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यूची धास्ती, म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डेंग्यू नव्हता. 'व्हायरल' म्हणून पॅरासिटामॉल ६५०, पित्ताची गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स मिळालं. डॉक्टरांना दोष देत नाही, त्या दिवशी दुसरं कुणी काय वेगळं सांगितलं असतं? दोष माझा. तीनदा घ्यायची गोळी मी चारदा घेत होतो, कारण कामाचा आठवडा होता आणि ताप उतरला की लॅपटॉपसमोर बसता येत होतं. जेवण जात नव्हतं. फोडणीचा वास आला की उठून जायचो. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, दुखणं असं नाही, आत काहीतरी ठेवल्यासारखं.

चौथ्या दिवशी लघवी गडद झाली. बी-कॉम्प्लेक्समुळे पिवळी होते हे मला माहीत होतं, त्यामुळे मी निश्चिंत. आता कळतं की तो फरक डोळ्यांसमोर होता. बी-कॉम्प्लेक्सची लघवी हायलायटर पेनसारखी झगझगीत पिवळी असते. माझी तपकिरी होती, दूध न घातलेल्या कडक चहासारखी, आणि कमोडमध्ये जो फेस यायचा तोही पिवळा. एरवी फेस पांढरा असतो. भरपूर पाणी प्यायलो तरी रंग हलेना. पाणी कमी पडल्याने रंग आला असता तर दोन तांब्यांत उतरला असता. हे मी दोन दिवस बघत होतो आणि फ्लश करत होतो.

डोळे मात्र रोज आरशात पाहत होतो! कावीळ म्हणजे डोळे पिवळे, एवढंच आपल्याला लहानपणापासून माहीत. आमच्या बाथरूममध्ये पिवळसर एलईडी आहे. त्या उजेडात पांढरी भिंतही पिवळट दिसते, तिथे डोळ्यांचं काय कळणार? सहाव्या दिवशी रविवारी सकाळी गॅलरीत वर आभाळाकडे बघत होतो, तेवढ्यात बायकोने हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. खालची पापणी बोटाने ओढली. काही बोलली नाही. आत जाऊन फाइल शोधायला लागली. तेवढ्यावरून मला कळलं.

गंमत म्हणजे त्याच दिवशी ताप गेला आणि मला जरा बरं वाटायला लागलं होतं. डोळे पिवळे व्हायच्या सुमाराला ताप उतरतो, हे पुढे मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे पोटविकारतज्ज्ञ. ओळखीतून सोमवारची वेळ मिळाली. त्यांनी पहिला प्रश्न डोळ्यांबद्दल विचारलाच नाही. "चहा, सिगारेट, काही नकोसं झालं का?" मी चकित. विडी ओढणाऱ्याला विडी नकोशी होते, हे काविळीच्या लक्षणांमध्ये धरतात. मग लघवी कधीपासून गडद, शी कुठल्या रंगाची, पॅरासिटामॉल किती घेतलं. शेवटच्या उत्तरावर त्यांनी पेन खाली ठेवलं. गोळ्या त्या क्षणापासून बंद. शीचा रंग मी पाहिलाच नव्हता. घरी येऊन पाहिला: शाडूच्या मातीचा. गणपती आठ दिवसांवर होते, खाली मांडव घालत होते, त्यामुळे शाडूच आठवला.

रक्तात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, साधारण अडीच-तीनच्या वर गेल्याशिवाय डोळ्यांत दिसत नाही, लघवीत ते त्याच्या आधी उतरतं. आणि आतड्यात पित्त पोचलं नाही की शी फिकट. एवढं साधं गणित. मी सहा दिवस नेमकं सगळ्यात उशिरा दिसणारं ठिकाण न्याहाळत बसलो होतो.

रिपोर्ट आला. बिलिरुबिन ६.८. एसजीपीटी २१४०, जे चाळीसच्या आसपास असायला हवं. आयएनआर १.३. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, ए निगेटिव्ह. हिपॅटायटिस ई-चा आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, पॉझिटिव्ह.

"ई असेल तर तीन-चार आठवडे विश्रांती, बहुतेकांचं आपोआप बरं होतं," मॅडम म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडायच्या आत त्यांनी बायकोच्या पोटाकडे पाहिलं. "तुम्ही दोघं एकच पाणी पिता?"

हा भाग मला आजही नीट सांगता येत नाही. ए काय, ई काय, दोन्ही दूषित पाण्यातून येतात, दोन्हींत माणूस सहसा बरा होतो. पण ई गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर यकृत अचानक कोसळू शकतं. अशा बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत गेल्याची नोंद आहे. का, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. माझ्यापासून तिला होईल ही भीती कमी, कारण ई माणसाकडून माणसाला फारसा जात नाही. भीती नळाची होती. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे तिने ते पाणी ऑगस्टपर्यंत प्यायलेलं असेल, तर ऑक्टोबर संपेपर्यंत आम्ही वाट बघायची. तिचं रक्त त्याच दिवशी घेतलं. नॉर्मल आलं. ते त्या दिवसापुरतं नॉर्मल होतं, हे दोघांनाही कळत होतं.

आमच्याकडे आरओ आहे हो. पण दात घासायला, गुळण्या करायला, कोथिंबीर धुवायला, कुकरच्या भांड्यावर शेवटचा हात मारायला कुठलं पाणी? नळाचं. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. तासाभरात चार घरांतून खासगीत मेसेज आले, 'आमच्याकडेही आहे, पण बोललो नव्हतो.' एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला की असं ग्रुपवर टाकू नका, फ्लॅटचे भाव पडतात. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची एक मुलगी आली. तिने आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेतलं आणि त्यात थेंब टाकले. ओटी टेस्ट म्हणतात. पाण्यात क्लोरीन असेल तर रंग पिवळा होतो. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत उभे. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. घरात सगळं पिवळं होत असताना जिथे पिवळं हवं होतं तिथे नव्हतं.

पुढे निघालं ते असं: जमिनीखालच्या टाकीला लागूनच ड्रेनेजचा चेंबर, तो पावसात तुंबलेला, आणि मधल्या भिंतीला चीर. टाकी उपसली, घासली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली. आम्ही त्यानंतर सहा महिने चूळ भरायलाही उकळलेलं पाणी वापरलं.

गुरुवारी कराडहून आई आली. दारातच म्हणाली, "आरं, डोळं बघ की तुझं." पिशवीतून तिने तीन गोष्टी काढल्या. गावातल्या काविळीवाल्याकडची माळ, नाकात टाकायच्या थेंबांची बाटली, आणि कागदात बांधलेली पुडी, जी ताकातून घ्यायची. आमच्या भागात काविळीला हे ठरलेलं आहे. माझ्या चुलतभावाच्या मनगटावर डाग दिल्याची खूण अजून आहे. शिवाय चुन्याच्या पाण्यात हात धुवायचा, पाणी पिवळं होतं, 'कावीळ उतरली'. धुणाऱ्याच्या हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याशी मिळाला की पिवळा होतोच. नाकातले थेंब जहाल कडू. नाकाच्या आतली त्वचा सुजते, पिवळं पाणी वाहतं आणि माणूस म्हणतो, बघा, निघाली.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाहेरून काहीही चालेल, आत काहीही जाणार नाही. पुडीत काय आहे मला माहीत नाही, तुमच्या यकृतालाच ते निस्तरायला लागेल." आईशी हाच तह केला. पुडी आणि थेंब परत पिशवीत, माळ गळ्यात. आईने मान्य केलं, पण रुसून. माझ्यापेक्षा तिच्या मनाला औषधाची गरज होती, असं मला तेव्हा वाटलं.

माळ ओल्या काड्यांच्या बारीक तुकड्यांची असते. दोऱ्याच्या फासांत एकेक तुकडा अडकवलेला. पहिल्या दिवशी जेमतेम डोक्यातून उतरली. ती जसजशी वाढेल तसतशी कावीळ कमी, असा हिशेब. मी हिशेबाचाच माणूस, वही केली. एका रकान्यात बिलिरुबिन, दुसऱ्यात माळ. बायकोची शिवणाची टेप घेऊन मी रोज माळ मोजायचो.

चार दिवसांनी दुसरा रिपोर्ट. बिलिरुबिन ११, एसजीपीटी ८७०. मी खूष! दोन हजारांवरून आठशे! व्हरांड्यातच आईला फोन करून सांगितलं. आत गेलो तर मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं बोट आयएनआरवर होतं: १.६. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटून बाहेर सांडलेला माल. तो कमी झाला म्हणजे फुटणं थांबलं असेल, किंवा फुटायला पेशीच कमी उरल्या असतील. कुठलं ते एसजीपीटी सांगत नाही. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत तयार करतं. गोठायला वेळ लागायला लागला, म्हणजेच आयएनआर वाढला, तर कारखाना थकतोय. त्यांनी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं आणि दोन रात्री दाखल करून घेतलं.

तिथे मला धोक्याची खरी लक्षणं कळली, आणि त्यातलं एकही पिवळं नव्हतं. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग. चिडचिड. साधी बेरीज चुकणं. दात घासताना रक्त. न थांबणारी उलटी. मॅडमनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, पंजे मनगटातून मागे वाकवून, आपण गाडी थांबवायला करतो तसे, आणि बोटं पसरून धरायला सांगितली. ते पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडले तर विष मेंदूपर्यंत पोचायला लागलंय. माझे फडफडले नाहीत. मग बायकोला सांगितलं, "रोज संध्याकाळी यांच्याकडून वहीत सही घ्या. सही बिघडली तर मला रात्री दोनलाही फोन करा."

वहीला तिसरा रकाना आला.

दोन दिवसांनी आयएनआर १.२ झाला. बिलिरुबिन मात्र १४.२. मी हादरलो, मॅडम निवांत. "रंग सगळ्यात शेवटी जातो. तो वाढला तर वाढू दे." घरी सोडलं. त्या दिवशी माळ छातीच्या खाली आली होती. आई म्हणाली, "बघ, निम्मी कावीळ उतरली." बिलिरुबिन दुप्पट झालं होतं. मी वही पुढे केली नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री दोन वाजता बायकोने मला हलवून बसवलं. मी दुपारभर झोपलो होतो आणि आता जागा होतो, छताकडे बघत. "शंभरातून सात वजा कर." त्र्याण्णव. "पुढे." शहाऐंशी. "पुढे." एकोणऐंशी. असं करत करत दोनपर्यंत आलो, मग तिला रडू फुटलं. पोटाला हात लावून रडत होती. मी हात पुढे करून पंजे ताणून दाखवले, बघ, स्थिर आहेत. अंधारात तिला ते दिसत नव्हते. दिवा लावला.

त्यानंतर खाज आली. खाजेबद्दल कुणी आधी सांगत नाही. तळहात, तळपाय, रात्री जास्त, पुरळ वगैरे काही नाही. पित्त अंगात साचल्याने येते. पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर मिळाली, तिने थोडा आराम. मी पाय ओल्या टॉवेलवर ठेवून मोबाइलवर वाचत बसायचो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाण्यात घुसलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर बायका दगावल्या. तो ए नव्हता, हे कळायला पंचवीस वर्षं गेली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बलायन नावाच्या रशियन विषाणूशास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि स्वतःच्या विष्ठेत तो विषाणू पाहिला. मला वाचताना मळमळलं, पण माणसाबद्दल आदरही वाटला. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत मोठी साथ आली ती याच ई-ची. आणि पुण्यात एनआयव्हीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, या विषाणूवर किती वर्षं काम चाललंय! मी मात्र त्याच पुण्यात आठवडाभर बी-कॉम्प्लेक्सवर ढकलत बसलो होतो.

खाण्यावरून घरात रोज वाद. आईच्या मते हळद बंद, तूप बंद, वरणसुद्धा पांढरं. मॅडमच्या मते हळदीने कुणी पिवळा होत नाही, पोटाला सोसेल ते खा, उपाशी राहू नका, दारूचा थेंब सहा महिने नको. एक काका रोज फोन करून उसाचा रस प्या म्हणत. रस वाईट नाही. पण गाड्यावरचा बर्फ आणि बादलीत बुचकळलेले ग्लास, हीच तर ए-ची आणि ई-ची वाट. गणपतीत मी उकडीचे दोन मोदक खाल्ले, तूप घालून. मॅडमना विचारूनच. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी चवीने खाल्लं. आणि कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तसलं काही नसतं. मला तर सगळं करडं दिसत होतं.

माळेचं राहिलंच. खाज सुटल्यापासून ती गळ्यात टोचायची, म्हणून मी रात्री काढून खुंटीला लावायला लागलो. नंतर दिवसाही तिथेच. सवयीने मोजत राहिलो. माळ खुंटीवरही वाढत होती. चार दिवसांत आणखी वीतभर. खुंटीला कावीळ नव्हती. काड्या वाळून आक्रसतात, त्यांच्याभोवतीचे फास सैल पडतात आणि दोरा लांबतो. आईला दाखवलं. ती बराच वेळ खुंटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या अंगावरची हाय न्हवं ती, गुण लागलेला असतोय."

बिलिरुबिन १४.२ वरून ९, मग ४.१, सातव्या आठवड्यात १.१. पण त्याच्या कितीतरी आधी, एका सकाळी लघवीचा फेस पांढरा दिसला. मी बायकोला ओरडून सांगितलं. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल.

तिच्या तपासण्या दर दोन आठवड्यांनी होत राहिल्या. फ्रिजवरच्या कालनिर्णयवर ती रोज एक काट मारायची. ऑक्टोबरचा शेवट आला तोवर एकदाही एसजीपीटी वर गेला नाही. मधल्या काळात मॅडमनी आम्हा दोघांना बी-ची लस सुरू केली. "ई-ने निदान तुम्हाला पिवळं करून सांगितलं, बी आणि सी वर्षानुवर्षं गप्प बसतात," त्या म्हणाल्या. त्या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून फुकट आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी ऑफिसात सांगितलं. दोघांनी तपासून घेतलं, बाकीच्यांनी मान डोलावली.

नोव्हेंबरात मुलगी झाली. चोवीस तासांच्या आत तिला बी-चा पहिला डोस मिळाला, तो कागद मी तीनदा वाचला. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली. पिवळी. आईनेही पाहिलं. तिचा हात पिशवीकडे गेला नाही, पण नजर गेली.

बालरोगतज्ज्ञ आले. बहुतेक बाळांना होते ही कावीळ, घाबरू नका, आकडा तपासू, लागलं तर निळ्या दिव्याखाली ठेवू, असं म्हणत त्यांनी तिला उघडं केलं.

"दूध पिते नीट?"

"हो."

"शी कुठल्या रंगाची?"

बायको तोंड उघडायच्या आत मी दुपट्याची घडी त्यांच्यासमोर उलगडली. जपून ठेवली होती. मोहरीसारखी, चक्क पिवळी.

"छान," ते म्हणाले. "अशीच हवी."